तेलाशयातील प्रवाह-नियंत्रण आणि जेल कण : संशोधन-साहित्यातील दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

तेलविहिरीतून तेलच निघते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात जुन्या तेलक्षेत्रांतून वर येणाऱ्या द्रवात पाण्याचाच वाटा मोठा असतो. ‘ऑइलफील्ड रिव्ह्यू’ या नियतकालिकाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार त्या वेळी जगभरात दररोज सुमारे ७.५ कोटी पिंपे तेलाबरोबर २१ कोटी पिंपे पाणी वर येत होते. या पाण्याची हाताळणी व विल्हेवाट यांवर वर्षाकाठी ४० अब्ज डॉलरहून अधिक खर्च होत असल्याचेही त्या लेखात नमूद होते. यांतील काही पाणी मूळचे भूगर्भातले असते. पण पुष्कळसे पाणी तेल पुढे ढकलण्यासाठी माणसानेच दुसऱ्या विहिरीतून आत सोडलेले असते.

आत सोडलेल्या पाण्याने खडकाच्या सर्व थरांतून सारख्या गतीने पुढे सरकावे आणि तेल समोर लोटत न्यावे, ही अपेक्षा. परंतु तेलाशय, म्हणजे तेल धरून ठेवणारा सच्छिद्र खडक, सर्वत्र सारखा नसतो. एखादा थर भरड वाळूचा, दुसरा बारीक. कोठे भेग, कोठे विरघळून झालेली पोकळी. पाण्याला जिकडे वाट सोपी सापडते तिकडे ते धावते. एकदा अशी चोरवाट सापडली की पाणी एका विहिरीतून आत जाऊन दुसऱ्या विहिरीतून जसेच्या तसे बाहेर पडते आणि शेजारच्या थरातील तेल जागच्या जागी राहते. ही चोरवाट बुजविण्यासाठी गेल्या पाव शतकात जी साधने पुढे आली त्यांत पाण्याने फुगणारे जेल कण हे सर्वाधिक चर्चिले गेलेले साधन होय. या कणांविषयीच्या साहित्यात काही विशेषणे वारंवार येतात : हे कण ‘निवडक’ आहेत, ते प्रवाहाला ‘खोलवर’ वळण देतात, ते ‘पर्यावरणस्नेही’ आहेत. ही विशेषणे कणांच्या सिद्ध झालेल्या गुणधर्मांवर आधारलेली आहेत, की खडकाच्या स्थितीविषयीच्या एका गृहीतकावर, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

द्रव जेलपासून घन कणाकडे

जेल वापरून पाणी अडविण्याची कल्पना या कणांहून जुनी आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील मॅरेथॉन ऑइल कंपनीत रॉबर्ट सिडान्स्क यांनी पॉलिॲक्रिलामाइड हा पॉलिमर व क्रोमियम ॲसिटेट यांचे मिश्रण विकसित केले. हे मिश्रण विहिरीत पातळ द्रवाच्या रूपात जाते आणि खडकात पोहोचल्यावर पॉलिमरच्या लांब साखळ्यांमध्ये क्रोमियमचे आडवे बंध तयार होऊन ते घट्ट होते. कल्पना साधी होती आणि अनेक ठिकाणी ती यशस्वीही झाली. अडचण होती ती घट्ट होण्याच्या वेळेवरील नियंत्रणाची. वाटेत पंप, नळी व छिद्रे यांतून जाताना साखळ्या तुटतात, खडकातील पाण्याने मिश्रण विरळ होते, पॉलिमर व क्रोमियम खडकातून वेगवेगळ्या गतीने सरकतात. परिणामी प्रयोगशाळेतील चंचुपात्रात आठ तासांनी घट्ट होणारे मिश्रण हजारो फूट खाली केव्हा घट्ट होईल, किंवा होईल की नाही, हे सांगणे कठीण होते.

यावर जो उपाय सुचला तो असा की जेल जमिनीवरच तयार करावे, वाळवावे, दळावे आणि त्याचे कण पाण्यात मिसळून आत सोडावेत. म्हणजे रासायनिक क्रियेची अनिश्चितताच संपली. या मार्गाचा पाठपुरावा मुख्यतः चीनमध्ये झाला आणि त्याला तेथील भूगर्भीय कारण होते. चीनमधील अनेक मोठे तेलाशय नद्या व सरोवरांच्या गाळातून बनलेले असल्याने अत्यंत असमान आहेत. १९५९ मध्ये सापडलेल्या दाचिंगसारख्या क्षेत्रांत दशकानुदशके पाणी सोडल्यामुळे चोरवाटा रुंदावल्या होत्या. अमेरिकेतील टुल्सा येथे २००० साली झालेल्या परिषदेत कोस्त व सहकाऱ्यांनी आधीच जेल केलेल्या कणांविषयीचे प्रयोगशालेय व क्षेत्रीय निष्कर्ष मांडले. त्यानंतर बाओजून बाई व सहकाऱ्यांचे दोन निबंध २००७ साली प्रसिद्ध झाले. पहिला कणांचे गुणधर्म आणि त्यांवर परिणाम करणारे घटक यांविषयी, तर दुसरा सच्छिद्र माध्यमातून कण कसे सरकतात याविषयी आहे. पुढील बहुतेक संशोधन या दोन निबंधांच्या पायावर उभे राहिले, म्हणून चिकित्साही तेथूनच सुरू करणे उचित ठरते.

कण व छिद्र : आकाराचा प्रश्न

पाण्यात भिजविलेला सब्जा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या कणाची कल्पना सहज येईल. कोरडे बी कठीण व बारीक असते. पाणी मिळताच त्याभोवती मऊ, पारदर्शक वेष्टन फुगते आणि बी घशातून सहज सरकते. जेलचा कण मात्र आतपर्यंत सर्वच फुगतो. कोरड्या कणाच्या मानाने तो कित्येक पटींनी, गोड्या पाण्यात शंभर पटींहूनही अधिक पाणी धरू शकतो. फुगलेला कण लवचीक असतो. दाब पडला की तो आकार बदलतो.

आता खडकाचा विचार करू. एक डार्सी पार्यता आणि वीस टक्के सच्छिद्रता असलेला वालुकाश्म तेल अभियंत्याच्या दृष्टीने चांगला, सहज वाहू देणारा खडक होय. त्यातील छिद्रांना समांतर बारीक नळ्या मानून हिशेब केला तर नळीची त्रिज्या साधारण सहा मायक्रोमीटर येते. क्षेत्रीय प्रयोगांत जे कण मोठ्या प्रमाणात वापरले गेले ते मिलिमीटरच्या श्रेणीतील होते, आणि फुगल्यावर ते आणखी मोठे होतात. म्हणजे कण व छिद्र यांच्यात काहीशे पटींचे अंतर आहे. कण कितीही लवचीक असला तरी खडकाला न फोडता इतक्या अरुंद वाटेतून तो सलग शेकडो फूट सरकेल, हे संभवत नाही. एक मिलिमीटर रुंदीची भेग मात्र वेगळी. समांतर भिंतींच्या भेगेचे सूत्र वापरल्यास तिची पार्यता सुमारे ८४ हजार डार्सी भरते. अशा भेगेत फुगलेला कण सहज शिरतो व अडकतोही.

या दोन आकड्यांतून एक निष्कर्ष अटळपणे निघतो. मिलिमीटर आकाराच्या कणांचा हजारो पिंपे लगदा एखाद्या विहिरीत मर्यादित दाबाखाली जात असेल, तर त्या विहिरीला भेगा किंवा भेगांसारखे रुंद मार्ग आहेत, किंवा लगद्याच्या दाबाने ते नव्याने उघडले आहेत. कण आत गेला ही घटना कणाच्या गुणवत्तेपेक्षा खडकाच्या अवस्थेविषयीच अधिक सांगते. साहित्यात ही बाब पूर्णपणे दुर्लक्षिलेली नाही. भेगा व भेगासदृश मार्ग यांचा उल्लेख वारंवार येतो. परंतु शीर्षकांत व निष्कर्षांत जो शब्द ठळकपणे येतो तो ‘खोलवर प्रवाह-वळण’ हा. हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात सामान्य सच्छिद्र खडकाच्या अंतर्भागात पसरलेल्या कणांचे चित्र उभे करतो. प्रत्यक्षात घडते ते बहुधा भेग बुजविण्याचे काम. भेग बुजविणे हे कमी प्रतीचे काम मुळीच नाही. पण त्याचा अभ्यास, त्याची निवड आणि त्याचे हिशेब वेगळे असतात.

खरोखर खडकाच्या अंतर्भागात जाऊ शकणारे कणही अस्तित्वात आहेत आणि न्यायाने त्यांचा निर्देश केला पाहिजे. ‘ब्राइटवॉटर’ या नावाने ओळखले जाणारे, मायक्रोमीटरहून लहान कण थंड पाण्याबरोबर आत जातात आणि खोल, उष्ण भागात पोहोचल्यावर उष्णतेने फुगतात. इंडोनेशियातील मिनास क्षेत्रात २००१ साली त्यांचा क्षेत्रीय प्रयोग झाला आणि अलास्कातील मिल्न पॉइंट येथील प्रयोगाचा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या बाबतीत ‘खोलवर’ हे विशेषण तर्काला धरून आहे. घोटाळा होतो तो या दोन कुलांना एकाच नावाखाली आणल्याने. मायक्रोमीटरच्या कणाचा युक्तिवाद मिलिमीटरच्या कणाला उसना दिला जातो.

‘निवडक’ या विशेषणाची परीक्षा

चोरवाट बंद करताना तेलाचा थर बंद होऊ नये, ही या तंत्रातील कळीची अट आहे. न्यू मेक्सिको येथील रँडी सीराइट यांनी द्रव जेलविषयी केलेले विश्लेषण येथे उपयुक्त ठरते. समजा, दोन थर आहेत आणि एकाची पार्यता दुसऱ्याच्या दहापट आहे. पाण्याइतकाच पातळ जेलद्रव विहिरीतून चहूबाजूंनी पसरला आणि पहिल्या थरात १५ मीटर गेला, तर दुसऱ्या थरात तो जवळजवळ ५ मीटर जातो. कारण वर्तुळाकार पसरताना अंतराचे प्रमाण पार्यतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. विहिरीभोवतीच्या प्रवाहात दाबाचा मोठा हिस्सा पहिल्या काही मीटरांतच खर्च होतो. त्यामुळे ५ मीटरांचा अडथळादेखील तेलाच्या थराचा घात करण्यास पुरेसा असतो. भेगेतील सरळ रेषेच्या प्रवाहात हा धोका पुष्कळच कमी होतो. शिवाय दोन थर एकमेकांना चिकटून असतील आणि त्यांच्यात पाणी आरपार जाऊ शकत असेल, तर विहिरीजवळ बंद केलेली वाट थोडे पुढे जाऊन पाणी पुन्हा गाठते. हे विश्लेषण द्रव जेलचे असले, तरी त्यातील भूमितीचा भाग कोणत्याही अडथळ्याला लागू पडतो.

कणांचे समर्थक यावर उत्तर देतात की मोठा कण बारीक छिद्रांच्या थरात शिरतच नाही, म्हणून तो थर आपोआप सुरक्षित राहतो. हे उत्तर अर्धे बरोबर आहे. न शिरलेला कण नाहीसा होत नाही. तो थराच्या तोंडाशी साचतो आणि तेथे त्याची साय धरते. ही साय किती घट्ट, किती जाड आणि पुढे पाण्याच्या दाबाने निघून जाईल की नाही, यावर त्या थराचे भवितव्य ठरते. एल्शराफी आणि बाई यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पाणी न पोहोचलेल्या भागांवर मऊ कणांचा काय परिणाम होतो, हा प्रश्न थेट हाती घेतला, ही समाधानाची बाब होय. मात्र तंत्र क्षेत्रात उतरल्यानंतर दशकभराने हा प्रश्न स्वतंत्र निबंधाचा विषय व्हावा, यातच अभ्यासक्रमाचा उलटा क्रम दिसून येतो.

त्यातून असे म्हणता येईल की निवडकपणा हा कणाचा अंगभूत गुण नसून कणाचा आकार, त्याचा घट्टपणा, खडकाची छिद्रे आणि पाणी सोडण्याचा दाब या चौघांच्या जुळणीचा परिणाम आहे. एका क्षेत्रात निवडक ठरलेला कण शेजारच्या विहिरीत घातक ठरू शकतो.

सहा प्रकारांचे वर्गीकरण

२००७च्या दुसऱ्या निबंधातील सर्वाधिक उद्धृत भाग म्हणजे कणांच्या गतीचे वर्गीकरण. कोरलेल्या काचेच्या सूक्ष्म प्रतिकृतीत कण पाहून सहा प्रकार सांगितले गेले : सरळ पार होणे, भिंतीला चिकटणे, आकार बदलून पार होणे, तुटून पार होणे, आकसून पार होणे आणि अडकणे. निरीक्षण म्हणून हे काम मोलाचे आहे. जेल कण म्हणजे नुसता वाळूचा खडा नव्हे, हे त्याने डोळ्यांना दाखविले. पाणी गमावून आकसणारा कण, ही गोष्ट तर केवळ दाब मोजून कधीच कळली नसती.

तथापि या वर्गीकरणाचा पुढे जो वापर झाला तो तितकासा काटेकोर नाही. कोणत्या दाबाला, कोणत्या आकार-प्रमाणाला, किती घट्ट कण कोणत्या प्रकारात मोडेल, हे सांगता आले तरच वर्गीकरणातून भाकीत निघते. एरवी प्रयोगात काहीही घडले तरी सहांपैकी एक नाव त्याला देता येते आणि सिद्धान्त कधीच खोटा ठरत नाही. काचेची प्रतिकृती सपाट असते, तिच्या भिंती गुळगुळीत असतात, तापमान बहुधा खोलीचे असते. खडकाच्या त्रिमिती जाळ्यात एक वाट बंद झाली तर कणाला व पाण्याला बाजूच्या वाटा असतात. सपाट प्रतिकृतीत त्या मोजक्याच. नंतरच्या अनेक निबंधांत हे सहा प्रकार प्रस्तावनेत जसेच्या तसे उतरविलेले आढळतात आणि प्रत्यक्ष प्रयोगाच्या विवेचनात त्यांचा पुन्हा उल्लेखही येत नाही.

क्षार, उष्णता आणि ‘पर्यावरणस्नेही’

कणांच्या टिकाऊपणावर खडकातील पाण्याच्या क्षारतेचा परिणाम होत नाही, असे विधान या साहित्यात आढळते. त्याच निबंधांतील आलेख मात्र क्षार वाढले की कण कमी फुगतो, हे स्पष्ट दाखवितात. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण टिकणे वेगळे आणि फुगणे वेगळे. पॉलिमरच्या साखळीवरील ऋण प्रभारांमुळे साखळ्या एकमेकींना दूर लोटतात व कण फुगतो. क्षारांतील धन आयन हे प्रभार झाकतात. कमी फुगलेला कण अधिक घट्ट राहतो, हा त्यातला फायदा. अडचण अशी की घाईने वाचणारा ‘परिणाम होत नाही’ एवढेच लक्षात ठेवतो. उच्च तापमानात पॉलिमरचे अमाइड गट हळूहळू कार्बॉक्सिलेट होतात आणि कॅल्शियमसारखे द्विप्रभारी आयन त्यांना आवळून कणातील पाणी पिळून काढू शकतात. ही प्रक्रिया महिन्यांची किंवा वर्षांची असते. काही आठवड्यांच्या प्रयोगात तिचा पत्ता लागेलच असे नाही.

‘पर्यावरणस्नेही’ या शब्दाबाबत अधिक काटेकोरपणा आवश्यक आहे. क्रोमियमऐवजी सेंद्रिय आडबंधकारक वापरल्याने एक धोका टळतो, हे मान्य केले पाहिजे. पॉलिॲक्रिलामाइड स्वतः फारसे विषारी नाही. पण ते ज्या ॲक्रिलामाइडपासून बनते ते मज्जासंस्थेला घातक आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या ‘२ अ’ गटात केला. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. तेव्हा कणात न जुळलेले ॲक्रिलामाइड किती शिल्लक आहे आणि कण तुटून उत्पादन विहिरीतून वर आले तर त्या पाण्याचे काय होते, हे आकड्यांनिशी सांगितल्याखेरीज ते विशेषण जाहिरातीच्या भाषेत जमा होते.

यशाचा पुरावा

कणांच्या बाजूने पुढे केला जाणारा सर्वांत जोरकस आधार म्हणजे विहिरींची संख्या. चीनमध्ये काही हजार विहिरींत हे कण वापरले गेल्याचे संशोधक सांगतात आणि त्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. प्रश्न असा की संख्या कशाचा पुरावा आहे? तंत्र स्वस्त आहे, सोपे आहे, खाऱ्या पाण्यातही मिसळता येते, हे त्यातून सिद्ध होते. वाढीव तेल सिद्ध होण्यासाठी कण वापरले नसते तर किती तेल निघाले असते हे माहीत असावे लागते. ते सहसा घटत्या उत्पादनाची रेषा पुढे ओढून काढले जाते. त्याच काळात पंप बदललेला असतो, शेजारची विहीर बंद केलेली असते, पाण्याचा दाब कमी-जास्त केलेला असतो. रेषा किंचित वर किंवा खाली धरली तरी वाढीव तेलाचा आकडा पार बदलतो. अपयशी विहिरीवर निबंध लिहिण्याची प्रथा या क्षेत्रात क्वचितच दिसते. कंपन्यांना त्याची गरज नसते आणि परिषदांना त्याचे आकर्षण नसते.

या पार्श्वभूमीवर अलास्कातील वेस्ट सॅक क्षेत्राचा २०२० साली प्रसिद्ध झालेला वृत्तांत वेगळा ठरतो. तेथील जाड तेलाच्या सुट्या वाळूत पाणी सोडण्याची विहीर व उत्पादन विहीर यांच्यामध्ये अक्षरशः पोकळ बिळे तयार झाली होती. ती बुजविण्यासाठी खडकात पोहोचल्यावर एकमेकांना पुन्हा जोडले जाणारे सुधारित कण वापरण्यात आले. येथे खडकाचा दोष आधी निश्चित झाला, मग त्याला साजेसा कण निवडला गेला, आणि कणाने करावयाचे काम म्हणजे बीळ बुजविणे हे निःसंदिग्धपणे सांगितले गेले. ‘खोलवर’ या शब्दाचा आधार घेण्याची तेथे गरजच भासली नाही.

मुंबई हायच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ साली सापडले आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. त्याचा मुख्य तेलाशय चुनखडीचा आहे. जुने झालेले, पाणी सोडले जाणारे, थरांनी बनलेले हे क्षेत्र म्हटल्यावर जेल कणांचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्रातील उत्पादन वाढविण्यासाठी बीपी कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड जाहीर केली. त्यामुळे अशा उपायांची चर्चा पुन्हा होणार हे उघड आहे. मात्र चिनी वालुकाश्मातील यशाचे आकडे येथे थेट लागू करता येत नाहीत. चुनखडीत विरघळून झालेल्या पोकळ्या व भेगा असतात, ही कणांना अनुकूल बाब. तेथील पाण्यात कॅल्शियम असते, ही प्रतिकूल. दोन थरांमध्ये शेलचा पडदा असेल तर पाणी आरपार जाण्याचा धोका कमी, नसेल तर बुजविलेली वाट पुन्हा उघडी. समुद्रातील फलाटावर विहिरीतून उलट वर आलेले कण साठविण्यास जागा अपुरी असते, हा जमिनीवरील क्षेत्रांत न जाणवणारा प्रश्नही तेथे आहे. अशा ठिकाणी कणाची निवड करण्यापूर्वी कोणत्या दोन विहिरींमध्ये पाणी किती दिवसांत पोहोचते हे मागकाढू द्रव्य सोडून मोजावे लागेल, आणि तेथील प्रत्यक्ष पाणी व तापमान वापरून कण किमान वर्षभर भिजत ठेवून पाहावा लागेल. यांपैकी पहिली चाचणी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होऊ शकते. दुसरीला घाई करता येत नाही.